गरुडाची सुधारित आवृत्ती

१ जुलै, मंगळवार
दसऱ्याला आमच्या हडपसरच्या कारखान्याला पन्नास वर्षं होणार. पन्नास वर्षं आम्ही पिठाच्या गिरण्या बनवतोय. (म्हणजे आमचे वडील, अण्णा, बनवतायत.) धाकटी बहीण पद्मजा, जी तूर्तास एमडी आहे, तिने नवा लोगो करायचं काम माझ्यावर सोपवलं. म्हणाली, यात तरी नुकसान व्हायचं कारण नाही. विश्वास म्हणतात तो हा.
सत्तेचाळीस वर्षांत अण्णांनी मला एकदाही शाबास म्हटलेलं नाही. लेथ मशीनला म्हटलंय, दोनदा. या दसऱ्याला मला म्हणतील. म्हणायलाच हवं.
संकल्प: रोज सकाळी सहा ते आठ फक्त लोगो.

२ जुलै, सकाळी ९.४०
आत्ता उठलो. क्रिएटिव्ह माणसाने झोप मोडू नये.

५ जुलै
लोगोचा इतिहास तपासला. आमचा गरुड. १९७५: बसलेला, पण नजर करारी. १९८८: अंगाने भरलेला. २००४: कॉम्प्युटरवर केलेला, मान आखूड, पोट गोल. दर आवृत्तीत वजन वाढत गेलंय. आमच्या घराण्यातही तेच आहे.
कारखान्यात झाडलोट करणाऱ्या सोजरबाई तिन्ही फोटो बघून म्हणाल्या, शेवटची कोंबडी छान आलीय. त्यांच्या भावाची बार्शीला स्वतःची गिरणी आहे, तरी ही दृष्टी! गरुड आहे, असं समजावून सांगितलं. बरं म्हणाल्या आणि केर भरायला लागल्या.

१२ जुलै, शनिवार
कसब्यात अमीनचाचांकडे गेलो. पहिला गरुड त्यांनीच रंगवलेला. ते म्हणाले, पत्रा नऊ इंची होता, पंख मावेनात, म्हणून मिटून टाकले. अण्णांनी बघितलं आणि तसाच गिरणीवर ठोकला, कारण गिरणी त्याच दिवशी पोचवायची होती.
नोंद केली: मिटलेले पंख म्हणजे संयम. प्रेझेंटेशनची स्लाइड चार.
नवा लोगो कोण काढणार, असं चाचांनी विचारलं. मीच, म्हटलं. त्यांनी चहा मागवला आणि पावसाचा विषय काढला.

३ ऑगस्ट, रविवार
झाला! एकच रेघ. बारीक, नागमोडी. गरुडाचा पंख. लेकीला, अपेक्षाला, दाखवला. तिने गरुड कुठे आहे विचारलं. दिसत नाही, जाणवतो, असं सांगितलं. तिला जाणवला नाही. पुढच्या पिढीचं कठीण आहे.

२२ ऑगस्ट
फौंड्रीवाल्या श्रीनिवासरावांशी वाद. लोगो गिरणीच्या बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, बॉडीवरच ओततात. ते म्हणाले, एवढी बारीक रेघ बीडात नीट उठणार नाही, आधी एक नमुना ओतून बघू. म्हटलं, मिनिमल आहे. त्यांनी मिनिमल म्हणजे काय ते विचारलं. पाऊण तास सांगितलं. त्यांनी हात जोडले. पटलं असावं.
गणपती तोंडावर, नमुन्यात वेळ कोण घालवणार? एकदम चाळीस ओतायला सांगितल्या. पद्मजा दिल्लीला, म्हणून सही मीच केली. निर्णयक्षमता उपजत असावी लागते.

१० सप्टेंबर
चाळीस गिरण्या रवाना. दसऱ्याच्या भाषणाचा सराव केला. 'शाबास' ऐकल्यावर चेहरा कसा ठेवायचा, याचाही, आरशासमोर.

१८ सप्टेंबर, सकाळी ११
बार्शीचे डीलर समाधान यांचा फोन. बॉडीला तडा गेलाय म्हणाले. बाराच्या बारा गिरण्यांना, एकाच जागी. तडा नाही, पंख आहे, असं समजावलं. ते म्हणाले, पंखाचं राहू द्या, कोंबडी कुठंय? कोंबडी नसेल तर गिऱ्हाईक माल डुप्लिकेट म्हणतं.

११.३०
लातूर. तडा. कोंबडी.

१२.१०
करमाळा. आधी कोंबडी, मग तडा.

दुपारी ३
फोन सायलेंटवर टाकला. नव्या ब्रँडला सुरुवातीला विरोध होतोच.

२४ सप्टेंबर
चाळीसपैकी एकोणचाळीस परत. उरलेली वाटेत आहे. पद्मजाने अण्णांसमोर जाब विचारला. मी शांतपणे प्रेझेंटेशन सुरू केलं. स्लाइड चारला अण्णांनी थांबवलं. म्हणाले, बाजारात आपल्याला कोंबडी छाप म्हणतात हे त्यांना एकोणऐंशी सालापासून ठाऊक आहे. दर वेळी पोट जरा वाढवा, असं तेच सांगायचे.
फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत मला कुणी सांगू नये? (सोजरबाईंनी सांगितलं होतं, पण ते वेगळं.)

२ ऑक्टोबर, दसरा
अमीनचाचांनी नवी कोंबडी काढून दिली. तुऱ्यासकट, उघड उघड कोंबडी. तिच्या पितळी पाट्या चाळीस बॉड्यांवर माझ्या रेघेवर ठोकल्या. म्हणजे पंख आत आहेच.
पूजा झाली, यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या. भाषण पद्मजाने केलं. माझं खिशातच राहिलं. नंतर अण्णांनी मला बाजूला बोलावलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, पुढची पन्नास वर्षं मी लोगोला हात लावला नाही, तर ते मला शाबास म्हणतील.
अण्णांना आत्ताच ब्याऐंशीवं चालू आहे. तरी मी लगेच कबूल केलं.
पहिला दिवस बिनचूक पार पडला.