बारचा बंदोबस्त

४ फेब्रुवारी
बायको पुन्हा बॅले सुरू करतेय. लग्नाआधी नाचायची. महिनाअखेर तिच्या जुन्या डान्सच्या बाईंच्या ग्रुपसाठी निवड आहे. या वयात हा शेवटचाच चान्स, म्हणाली. घरी सरावाला धरायला बार, म्हणजे आडवा दांडा, हवा. मी कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. खरेदी अर्थातच माझ्याकडे.

६ फेब्रुवारी
तिला घडीचा, हलका बार आवडला. मी हलवून पाहिला. डगमगला. दुकानदार म्हणे, यावर भार टाकायचाच नसतो, बोटं नुसती टेकवायची. असल्या थापा ठेकेदार मला रोज मारतात. तरी घेतला. घरात शांतता राहावी म्हणून.

९ फेब्रुवारी, सकाळी
तिने पाय उचलला, बार हलला, मी धरायला धावलो. ती म्हणते, बार हलला की मी कलतेय ते कळतं. हलला की अपघात होतो, हे तिला कोण सांगणार?

संध्याकाळी
ती बाहेर गेली. बारचे पाय बोल्टने फरशीत आवळले. एका फरशीला तडा गेला. वर पायपुसणं टाकलं.

१५ फेब्रुवारी
आधी चिडली. आता मस्त रेलून नाचते. एका पायावर कितीतरी वेळ उभी राहिली. माझ्यामुळे, असं मी म्हणालो नाही. चेहऱ्यावर दिसलं असेल.

२८ फेब्रुवारी
निवड पार पडली. तीही पडली. तिथला बार सुटा, तिने सवयीने भार दिला. बार, ती आणि बार धरलेली आणखी एक, सगळे आडवे. बाईंना सुरक्षिततेबद्दल दोन शब्द सुनावले. बायकोला मात्र त्यांनी आठवड्याने परत बोलावलंय. गाडीत ती रडत होती. फार वाईट वाटलं. लोकांचा निष्काळजीपणा दुसऱ्याला भोवतो.

१ मार्च
बोल्ट काढ म्हणाली. रविवारी बघू म्हटलं. नेमकी आठवडाभराची टूर आली. रद्द करू का विचारलं, तर इतक्या पटकन नको म्हणाली! माझ्या नोकरीची केवढी काळजी.

९ मार्च
परतलो. तिची निवड झाली! बार खोलीच्या मधोमध, सुटा. बोल्ट तिनेच पान्याने काढले होते. विचारलं, या वेळी कसं काय जमलं?

"तू घरी नव्हतास," म्हणाली.

मी हसलो. ती हसली नाही.

मग साहेबांना फोन केला. पुढची टूर कधी आहे, ते विचारलं.