धनगरीण समोरच्या घरात

१९ सप्टेंबर, शुक्रवार

काचेच्या कपाटाचा वरचा खण रिकामा!

दाताच्या डॉक्टरकडून आले. अर्धं तोंड बधिर. चप्पल काढता काढता नजर गेली. धनगरीण नाही, खलाशी नाही, कुत्र्यांची जोडी नाही. वेलींच्या मांडवाखाली बसलेलं ते जोडपं, ज्यांच्या डोक्यावर नुसतं रंगवलेलं घड्याळ आहे — तेही नाही. चोर चोर म्हणून ओरडणार, तेवढ्यात भावजय शिल्पा स्वयंपाकघरातून अगदी शांतपणे म्हणते, "अहो ताई, मी दिल्या समोरच्या वरलक्ष्मीला. नवरात्रात बाहुल्या मांडतात ना ते लोक, कोलुवू की काय ते. तुमच्या इथे नुसत्या उभ्या तर असतात."

नुसत्या उभ्या असतात! मग काय फुगड्या घालायला हव्यात?

आणि बाहुल्या म्हणे! दीडशे वर्षांपूर्वीची इंग्लंडातली माती आहे ती. साच्यात दाबून केलेली, वर झिलई. पाच-सहा वर्षांची पोरं कारखान्यात बसून भुवया रंगवायची. म्हणून तर माझ्या धनगरिणीची एक भुवई वर गेलीये, सदा कोणावर तरी वैतागल्यासारखी. बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावर डोरीन होती, तिच्या आजीच्या सिकंदराबादच्या बंगल्यातली ही. ऑस्ट्रेलियाला कायमची निघाली तेव्हा मला दिली. "तूच हिला नीट बघतेस," म्हणाली. तिथून मला हा नाद लागला. पुढे कुठे कुठे हिंडून एकेक आणली, ते माझं मला माहीत.

शिल्पाला म्हटलं, "विचारायचं तरी!" तर म्हणते, "त्यात काय विचारायचं, शेजार आहे."

समोर गेले तर कुलूप. विजयवाड्याला गेलेत, रविवारी येणार. माझी माणसं कुठे ठेवून गेलीये ती बाई, कोणास ठाऊक!

२० सप्टेंबर

झोप नाही. दात दुखतोय की राग, कळत नाही.

निळ्या नक्षीच्या झाकणाच्या भांड्यात — इंग्रज त्यात सूप वाढायचे — शिल्पाने टीव्हीचा रिमोट आणि मोबाईलचे चार्जर ठेवलेत. मी काढले. संध्याकाळी पुन्हा तिथेच. पुन्हा काढले.

२१ सप्टेंबर, रविवार

वरलक्ष्मी आली. तडक गेले. म्हटलं पिशवीत घालून घेऊन यायच्या, विषय संपला.

हॉलमध्ये लोखंडी पायऱ्या, त्यावर पांढरं धोतर अंथरलेलं; जायच्या आधीच सगळं मांडून गेली होती. वर देव, खाली लाकडाच्या कोंडापल्लीच्या बाहुल्या, वाण्याचं दुकान, वरात. आणि मधल्या पायरीवर, अगदी मधोमध, माझी धनगरीण! शेजारी खलाशी. दोन्ही कुत्री दोन टोकांना, पहारेकऱ्यांसारखी. जोडपं लग्नाच्या वरातीत नेऊन बसवलेलं.

मी काही बोलायच्या आत वरलक्ष्मीने हात धरले. "आंटी! कित्ते अच्छे दिख रए देखो. शिल्पा बोली आप खुशी से दिए करके. मेरेकू तो यकीनच नै आया."

खुशी से! शिल्पाला घरी जाऊन बघते.

म्हटलं, मुझे वापस ले जाना है. पण ती पायऱ्यांकडे बघून हात जोडत होती. "एक बार बिठाए तो दसरे तक उठाते नै आंटी. हिलाए तो बी अच्छा नै बोलते." झालं! माझ्या तोंडातून एवढंच निघालं — "संभालके रखो." तर म्हणते, "फिक्र नक्को करो आंटी. हमेशा संभालते."

दहा दिवस. बरं. दहा दिवस दात आवळून काढीन — दुखरा सोडून बाकीचे.

शिल्पाने कानावर हात ठेवले. "मी फक्त दिल्या म्हटलं, बाकी ती तिच्या मनाने बोलली."

२२ सप्टेंबर

सकाळी वरलक्ष्मी कुंकवाची कुयरी घेऊन दारात. शिल्पाला कुंकू लावलं. "शामकू आना, तांबूलम है." मग मी दिसले. कुयरी जरा मागे गेली. "आंटी, आप बी... कब्बी बी आओ, दर्शनकू."

कब्बी बी!

आयुष्यभर हेच ऐकत आले. काचीगुड्याला आईकडे होते तेव्हा मराठीत, आता हिमायतनगरला दखनीत. लग्न नाही केलं ना मी. कुमारिकांत बसवायला म्हातारी आणि सवाष्णींत बसवायला कमी पडते. विधवा तरी निदान कोणाच्या तरी असतात, मी कुठल्याच खणात बसत नाही. मला ब्लाउजपीस नको आहे. नारळ नको आहे. विड्याचं पान तर ह्या दाताने चावतही नाही. मग एवढं का लागलं?

का ते सांगते. माझ्या धनगरिणीला बोलावणं आहे. मांडीवरच्या मेंढीसकट. मला नाही!

२४ सप्टेंबर

शिल्पा कालपण गेली होती, आजपण. येऊन सांगते, बायका विचारत होत्या, कोणाच्या म्हणून. "मी सांगितलं, आमच्या घरचं कलेक्शन आहे."

आमच्या घरचं! मी खलाशी आणला तेव्हा ह्याच शिल्पाने नाकाला पदर लावला होता — कोणाकोणाचं उष्टं-खरकटं घरात आणता म्हणून.

हे घर मी घेतलं, बँकेचं कर्ज काढून. हॉलमध्ये पहिली वस्तू आली ती ते कपाट. मग प्रशांत — माझा धाकटा भाऊ — बायकोला घेऊन आला, "ताई, थोडे दिवस." त्यांचा निखिल इथे जन्मला, शिकला, नोकरीला पुण्याला गेला. थोडे दिवस काही संपले नाहीत. मी कधी काढलं नाही तोंडातून. काढावंसं वाटलंच नाही, खरं सांगायचं तर. घरात माणसं हवीत.

पण विचारायचं तरी!

२५ सप्टेंबर

शिल्पा टेप घेऊन कपाटाची भिंत मोजत होती. मला बघून टेप सर्रकन आत. "पडद्यासाठी हो." तिथे खिडकी कुठाय?

२६ सप्टेंबर

आज नवी बातमी. तिथे कोणाच्या तरी पोराने कुत्रं फिरवून बघितलं, तर मागे रंगच नाही. बायकांत चर्चा — रंग उडालाय, नाहीतर डुप्लिकेट आहे. आणि शिल्पा हसत हसत मला सांगते!

अगं बाई, मागे रंग नसतोच! ती शेकोटीवरच्या फळीवर भिंतीला टेकून ठेवायची. मागचं कोण बघणार, म्हणून कशाला रंगवा? हीच तर खूण आहे खऱ्याची. हे मी तिला तिच्या लग्नापासून सांगतेय. ऐकतं कोण! माझं बोलणं म्हणजे घरात कुकरची शिट्टी — वाजली की कोणीतरी येऊन गॅस बारीक करतं.

प्रशांत जेवताना म्हणाला, "ताई, पुण्याची हवा मानवेल ना गं तुला?" म्हटलं, मला काय करायचंय पुण्याच्या हवेशी? त्याने आणखी एक पोळी वाढून घेतली.

२७ सप्टेंबर, शनिवार

हळद!

आज नाही राहवलं, गेले दर्शनकू. सगळ्या बाहुल्यांना हळदकुंकू लावलंय. सगळ्या! माझ्या धनगरिणीच्या कपाळावर, गालांवर ओली हळद. जुन्या झिलईला केसासारख्या बारीक भेगा असतात, डोळे बारीक करून बघितलं तरच दिसतात. त्या भेगांत हळद गेली की गेली. आता तिच्या चेहऱ्यावर पिवळं जाळं. दीडशे वर्षं जहाजातून, बंगल्यातून, बदल्यांतून आली, चेहऱ्याला काही झालं नाही. आणि इथे समोरच्या घरात जाऊन—

ओरडले. हो, ओरडले! बायका बसल्या होत्या, हातात प्रसादाचे द्रोण. "किसको पूछके लगाए? ये क्या खेलने की गुड़िया है?" वरलक्ष्मीचा चेहरा पांढराफटक. "आंटी, घर में नयी आयी तो लगाते ना... मैं समझी..." काय समझी ते ऐकायला मी थांबलेच नाही.

घरी प्रशांत. "ताई, शोभतं का हे? चार लोकांत तमाशा!" मी म्हटलं, तमाशा मी केला की तुझ्या बायकोने? म्हणाला, "चार मातीच्या बाहुल्यांसाठी तू माणसं तोडशील." मला रडू आलं त्याच्यासमोर. त्या रडण्याचा जास्त राग आला.

२८ सप्टेंबर

कोणाशी बोलत नाही.

३० सप्टेंबर

खाली रस्त्यावर बतुकम्मा. फुलांचे ढीग, गाणी, सगळ्या गल्लीतल्या बायका गोल. मी गॅलरीतून बघितलं. समोरच्या गॅलरीत वरलक्ष्मी. तिने हात केला. मी आत आले.

२ ऑक्टोबर, दसरा

प्रशांतने जम्मीची, म्हणजे शमीची, पानं हातात दिली, वाकून नमस्कार केला. "सोन्यासारखी राहा." डोळ्याला डोळा देत नव्हता. चेहरा अपराध्यासारखा का? मला वाटलं, शनिवारी बोलला त्याचं वाईट वाटत असेल. जरा विरघळले. श्रीखंड वाढलं त्याला, माझ्या हाताने, निळ्या नक्षीच्या बशीत.

उद्या सकाळी जाऊन आणते सगळ्यांना.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

जसं घडलं तसं लिहिते.

सकाळी गेले तर दार उघडंच. पायरीवर बाकी सगळे उभे आणि धनगरीण आडवी! पडलेली! धावले, उचलली, मान चाचपली, मेंढीचे पाय चाचपले. "किसने गिराया?"

वरलक्ष्मी आतून धावत आली. "अय्यो, गिरी नै आंटी! सुलाए. दसरे की शामकू एक गुड़िया को सुला देते, मतलब कोलुवू खतम. अगले साल फिर उठाते." मग हळूच — "आपकी राह देखे कल. आपकी गुड़िया, आपके हाथ से सुलाना बोलके सब रुके थे. शिल्पा आके बोली, आंटी की तबीयत ठीक नै."

मला कोणी काही सांगितलं नव्हतं. मी तर घरात श्रीखंड वाढत होते!

"जाने के पहले एक बार आपके हाथ से होता तो अच्छा था ना आंटी," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी.

कुठे जाने के पहले?

मग तिच्याकडून एकेक शब्द ओढून काढावा लागला. पूना. निखिल ने देखा है. बड़े-बूढ़े लोगां रहते वैसी जगह — वृद्धाश्रम. दिवाली के बाद. "शिल्पा बोली, उधर कमरा छोटा है, आंटी अपनी गुड़ियां हमकू दे दिए, हमेशा के लिए. मैं तो रोई आंटी. हमारे में हर साल एक नयी गुड़िया आना बोलते. इस साल आपके आए. इसलिए हल्दी लगाई. बहू घर में आयी तो लगाते ना, वैसी."

बसले तिच्या सोफ्यावर. पाणी दिलं तिने. ज्या बाईवर पंधरा दिवस दात खाल्ले, ती माझी पाठ चोळत होती.

भिंत मोजणं. पुण्याची हवा. सोन्यासारखी राहा. गाढव मी!

४ ऑक्टोबर

विचारलं. दोघांना समोर बसवून.

प्रशांत म्हणाला, "ताई, तुला सांगणारच होतो. दिवाळीनंतर." जागा छान आहे म्हणे. बाग आहे, डॉक्टर आहे, रोज संध्याकाळी भजन आहे. म्हटलं, मला भजन आवडतं असं तुला कोणी सांगितलं? आयुष्यात एकदा तरी मला भजनाला बसलेली बघितलंयस?

शिल्पा म्हणाली, "निखिलचं लग्न करायचंय ताई. मुलीकडचे येणार, हॉल मोकळा नको का दिसायला?"

"कोणाचा हॉल?" मी विचारलं.

शिल्पा रडायला लागली. मला दया आली नाही. उद्या येईल कदाचित. आज नाही.

दुपारी वरलक्ष्मी आणि मी सगळ्यांना तिच्या जुन्या साड्यांत गुंडाळून आणलं. खलाशी, कुत्री, जोडपं उभी केली. तिने विचारलं, धनगरिणीला उठवायचं ना? म्हटलं, थांब, तुमच्यात हे बरोबर कसं करतात ते आधी मला सांग. मग परत आडवी केली. माझ्या हाताने.

५ ऑक्टोबर, रविवार

भेगांतली हळद निघत नाही. काढणारही नाही. सुंदर दिसते.

पुढच्या वर्षी कोलुवू आमच्या हॉलमध्ये. वरलक्ष्मीच्या बाहुल्या आणि माझ्या बाहुल्या, एकाच पायऱ्यांवर. तांबूल मी देणार, आणि बोलावणं कोणाकोणाला ते मी ठरवणार. पायऱ्यांना जागा लागेल. संक्रांतीपर्यंत प्रशांत-शिल्पाने दुसरं घर बघायचं आहे.

विचारलं नाही. सांगितलं.