सात नंबरचे नातेवाईक

प्रिय ताई,

पत्र बघून आधी घाबरू नकोस. तब्येत ठणठणीत आहे, कोणाच्या प्रेमातबिमात पडलेलो नाही आणि नापासही झालेलो नाही. काही गोष्टी फोनवर बोलायला गेलं की मध्येच तुझ्या कुकरची शिट्टी होते नाहीतर माझी रेंज जाते, म्हणून लिहायला बसलोय.

तू शेजारच्या काकूंना सांगतेस ना, की आमचा ठोंब्या लोकांच्या घरात डोकावायची पदवी घेतोय? तसं ते फार चूक नाही. सामाजिक संशोधन पद्धती म्हणजे शेवटी तेच. फक्त डोकावण्याआधी परवानगी मागायची आणि दिसलं ते स्वतःचं तिखटमीठ न लावता लिहायचं. पहिल्या सत्रात प्रश्नावल्या झाल्या, टक्केवाऱ्या झाल्या. या सत्रात निरीक्षण. एखादी सार्वजनिक जागा निवडायची, तिथे रोज जाऊन बसायचं, टिपणं काढायची. मॅडम कडक आहेत. पानाच्या मधोमध रेघ मारायला लावतात. डावीकडे दिसलं ते, उजवीकडे आपल्याला वाटलं ते. 'बाई दुःखी होती' असं डावीकडे लिहिलं की लाल शाई. "दुःख तुला दिसलं कुठे? डोळे पुसले असतील तर डोळे पुसले म्हण." आणि मध्ये पडायचं नाही, हा दुसरा नियम.

बाकीच्यांनी वाचनालय, बसस्थानक, केस कापायचं दुकान असं काय काय घेतलं. मी इस्पितळ घेतलं. आयसीयूच्या बाहेर नातेवाईक बसतात ती जागा. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "हेच का?" मी म्हटलं, "होस्टेलपासून जवळ पडतं." इस्पितळाची लेखी परवानगी काढली, भिंतीवर माझ्या कामाची सूचना लावली, गळ्यात ओळखपत्र अडकवलं आणि दुपारी तिथे बसायला लागलो.

तिथल्या खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. एकजण उठला की सगळी रांग हलते. समोर जाड दार. ते उघडलं की आतल्या यंत्रांचा आवाज बाहेर येतो, सिस्टर डोकं काढून खाटेचा नंबर पुकारते, आणि बोलणारे, पेंगणारे, मोबाइल बघणारे सगळे एकदम गप्प होतात. कोपऱ्यातल्या खुर्चीत एक गृहस्थ बसायचे. साठीचे असतील. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर घडी केलेली बायकी शाल. सिस्टरने "सात नंबरचे नातेवाईक?" म्हटलं की ते उभे राहायचे. मग दुसरं कोणी लगबगीने पुढे गेलं की शांतपणे खाली बसायचे. नावं लिहायची नसतात, म्हणून मी त्यांना 'क' केलं. 'क उठले. क बसले.' मॅडम टिपणं वाचून खूश झाल्या, मीही झालो.

पण पुढच्या आठवड्यात सातवर दुसरा पेशंट आला, नंतर तिसरा. नातेवाईक बदलले, हे गृहस्थ मात्र प्रत्येक वेळी उठतच होते. शेवटी मी वॉचमनना विचारलं. ते म्हणाले, "ते होय? त्यांच्या मिसेस होत्या सात नंबरला. वारल्या गेल्या वर्षी."

"मग त्यांना कोणी सांगत नाही?"

"सांगायचं काय? माहीत आहे की त्यांना. डोकं शाबूत आहे त्यांचं. मी विचारलं होतं एकदा, साहेब, आता कशाला येता? तर म्हणाले, हाक मारली तेव्हा मी खाली चहाला गेलो होतो."

ताई, त्या दिवशी रेघेच्या दोन्ही बाजू कोऱ्या राहिल्या. त्यानंतर ती हाक माझ्या मागेच लागली. आंघोळ करताना नळाच्या आवाजात 'सात नंबर' ऐकू यायचं. होस्टेलात कोणी दार उघडलं की मी वळून बघायचो. वर्गात मॅडम हजेरी घेताना सातवा नंबर आला, तो माझा नव्हे, तरी मी 'हजर' म्हणालो. मॅडमनी तास संपल्यावर थांबवून घेतलं. "तू तिथे कोणाची वाट बघतोयस?" असं सरळच विचारलं त्यांनी. मी हसून वेळ मारून नेली.

मंगळवारी ते शालवाले गृहस्थ आलेच नाहीत. गर्दी होती, त्यांची तेवढी एकच खुर्ची रिकामी होती, म्हणून मी तिथे बसलो. दार उघडलं. "सात नंबरचे नातेवाईक?" आणि मी उभा होतो. कधी उठलो ते मला कळलंच नाही. मांडीवरचे कागद फरशीवर पसरले. शेजारची एक मुलगी, कॉलेजातली असेल, तीही उठली होती. सिस्टरने आमच्याकडे आळीपाळीने बघितलं. "भाऊबहीण का? एकालाच सोडते आत." मी मान हलवली, नाही म्हणून. ती मुलगी दोन पावलं गेली, परत आली आणि तिची पिशवी माझ्या हातात देत म्हणाली, "दादा, मी येईपर्यंत थांबाल ना इथे?"

थांबलो.

बाहेर आली तेव्हा तिचे वडील शुद्धीवर आले होते. बातमी चांगली होती, तरी ती पिशवी न घेताच माझ्या शेजारी बसली. मग ती बोलत सुटली. बाथरूमला जायचीसुद्धा भीती वाटायची, नेमकी तेव्हाच हाक मारली तर? सिस्टरच्या चेहऱ्याकडे बघवायचं नाही, म्हणून ती चपलांकडे बघायची. कोणाला फोन करावा तर रडू येईल, म्हणून सगळ्यांना 'ठीक आहे' एवढाच मेसेज. मी एक अक्षर लिहिलं नाही. नुसतं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी गृहस्थ आले. ताप होता म्हणाले. बसले, शाल नीट केली आणि पहिल्यांदाच माझ्याशी बोलले. "काल हाक मारली का हो कोणी?"

"मारली," मी म्हटलं. "मी उठलो होतो."

त्यांनी माझा हात धरला. दार पुन्हा उघडेपर्यंत तो सोडला नाही.

ताई, आई आत होती तेव्हा तू बाहेर एकटीच होतीस. मी गाडीतून उतरेपर्यंत सगळं झालं होतं. "त्रास नाही झाला रे तिला," एवढं तू दारात म्हणालीस, आणि वर्ष होत आलं, त्यापुढे एक शब्द नाही. मीही कधी विषय काढला नाही. त्या मुलीला निदान एक अनोळखी माणूस मिळाला. तुला कोण मिळालं होतं? शनिवारी येतोय मी. आलो की तू कामं काढशील, हे उचल, ते ठेव करशील आणि राहून जाईल, म्हणून आधीच कळवतोय. कुठे बसली होतीस, कोणी पाण्याचं विचारलं का, हाक कशी मारली, आत गेलीस तेव्हा आई कशी दिसत होती, सगळं सांग. मधेच थांबावंसं वाटलं तर थांब, मी बसून राहीन. पण सांग.

तुझाच,
ठोंब्या