मी काढलेला सगळ्यात लांब किडा

हॅलिफॅक्स,
रविवार, २१ नोव्हेंबर १९९३

तीर्थरूप सेडीमावशीस,

लॉकीचा गुडघे टेकून नमस्कार (उजवा टेकत नाही, तेव्हा सध्या डाव्यावरच भागव).

तुझं पत्र आणि ओटच्या बिस्किटांचा डबा एकाच दिवशी पोचला. बिस्किटांचा वाटेत भुगा झाला होता, तो मी चमच्यानं खाल्ला. चवीला काही झालेलं नाही. तुझी कंबर कशी आहे? पायऱ्यांवर बर्फ धरलं की राख टाकतेस ना? आणि थंडीसाठीच्या बाहेरच्या जादा खिडक्या लावायला शेजारच्या रॉनीला हाक मार, स्वतः शिडीवर चढू नकोस. एकाहत्तराव्या वर्षी शिडीवर चढणाऱ्या बाईला देव सांभाळतो हे खरं, पण त्यालाही दुसरी कामं असतात. कोंबड्यांनी थंडीचा संप पुकारला की अजून अंडी देतायत? सगळं सविस्तर लिही. (कंबर आधी, कोंबड्या नंतर.)

तुझ्या पत्रात लागोपाठ चौथ्यांदा तेच आहे, की मी हे मेलेल्यांच्या घरातलं काम सोडून कॉलिनकडे अल्बर्टाला जावं. माझ्या धाकट्या भावानं तिथे त्याच्या खोपटात माझ्यासाठी खाट रिकामी ठेवलीय, तेलविहिरींच्या कामावर चिकटवून देतो म्हणतो, आणि तू लिहितेस, "माझी काळजी करू नकोस, मी काय लोण्याची आहे?" मावशी, तू लोण्याची नाहीस हे मला कुणी सांगायला नको! तुझ्या हाताखाली एकोणीस वर्षं काढलीत मी. पण इथून निघालो तर बसनं संध्याकाळपर्यंत तुझ्या दारात येतो, आणि अल्बर्टाहून निघालो तर पाच दिवस. मला जायचं नाही. स्पष्टच लिहितो, म्हणजे पाचव्यांदा विचारणार नाहीस. आता एकच अडचण. तीन महिन्यांची माझी परीक्षा-मुदत परवा शुक्रवारी संपली, आणि मला ठेवतात की हाकलतात ते अजून कळलेलं नाही. हाकललं तर कॉलिनची खाट आहेच. आणि हाकलायला कारण काय, तर ते मीच माझ्या हातानं करून ठेवलंय. तेच सांगायला बसलोय, तेव्हा चहा ओतून घे.

समुद्रातला कॉड मासा संपला, माशांच्या कारखान्याला कुलूप लागलं, आणि आपल्या बंदरातल्या निम्म्या लोकांना कळलं की आपल्याला दुसरं काही येत नाही. मीही त्यातलाच. इथल्या विद्यापीठाच्या शरीररचना विभागाची जाहिरात होती: हात स्थिर हवा, वासाचं वावडं नको. म्हटलं, हे तर माझंच वर्णन झालं. मुलाखतीला डॉक्टर झ्विकरबाई. ल्युननबर्गकडच्या, साठीच्या, उंचीनं माझ्या खांद्याला लागतात, पण बोलल्या की मीच त्यांच्या गुडघ्याला लागतो. त्यांनी काही विचारलं नाही. कोंबडीची एक तंगडी पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "यातली मोठी नस न तोडता बाहेर काढून दाखव." काढली. त्यांनी घड्याळ बघितलं, तंगडी बघितली, मला बघितलं, आणि म्हणाल्या, "सोमवारपासून ये." (तंगडीचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.)

काम असं, की ज्या भल्या माणसांनी मरणाआधी आपला देह शिकणाऱ्यांना दिलेला असतो, त्यांच्या शरीरातली एकेक गोष्ट साफ करून, मोकळी करून मुलांना दिसेल अशी ठेवायची. यंदा बाईंनी मनावर घेतलेली गोष्ट म्हणजे गाठी. बोटीच्या दोराला मारायच्या नव्हेत. कण्याच्या दोन्ही बाजूंना मानेपासून माकडहाडापर्यंत मज्जातंतूंची एकेक माळ उतरते, तिच्यातल्या मण्यांसारख्या गाठी. घाम कधी सोडायचा, काळीज किती पळवायचं, हे सगळं या गाठींतून चालतं, आणि कुणी आपल्याला विचारत नाही. कण्यातून एक तंतू गाठीपर्यंत येतो, तिथे निरोप दुसऱ्यांच्या हाती देतो, आणि एक आला तर वीस निघतात. मी बाईंना म्हटलं, "अहो, ही तर आमची सेडीमावशी!" कारखान्याचा मालक माडीवरून एकदा ओरडायचा, आणि तू तेच खाली वीस जणांना वीस तऱ्हांनी ओरडायचीस. बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. गाठींची दुसरी एक सौम्य जात आहे, खाल्लेलं जिरवा, जिवाला जरा बसू द्या, असं सांगणारी. तिच्या गाठी लांब राहत नाहीत, ज्या अवयवाचं काम त्याच्या दारातच, नाहीतर थेट भिंतीत बिऱ्हाड करतात. त्या जातीशी माझी अजून नीट ओळख व्हायची आहे, आणि गेल्या आठवड्यात तर ती माझ्या वाऱ्यालाही उभी राहिली नाही.

तर गेला सोमवार. गुरुवारी घंटेची परीक्षा होती. म्हणजे टेबलांवर देह मांडायचे, जागोजागी टाचण्या लावायच्या, घंटा झाली की मुलांनी एका टेबलावरून दुसऱ्यावर जायचं आणि टाचणी कशात आहे ते लिहायचं. चौदाव्या टेबलावर एक आजोबा होते. नावं आम्हाला कळत नाहीत, पण तळहातावर दोराचे जुने वळ होते, म्हणजे जन्म बोटीवर गेलेला. बाईंनी अकरा दिवस खपून त्यांची उजवी माळ मोकळी केली होती. मला म्हणाल्या, "लॉकी, यांच्या छाती-पोटाची आतली मागची भिंत जरा पुसून स्वच्छ करून ठेव, मी चहा घेऊन येते." मी दिवा खाली ओढला. आणि मावशी, तो दिवा खाली आला, उजेड पडला, आणि कण्याच्या कडेला मला दिसला एक फिकट, गाठाळ, लांबलचक दोरा.

पुस्तकात ती माळ पिवळीधमक असते आणि माझ्या करंगळीएवढी जाड! खरी अशी राखाडी, मरतुकडी असेल हे मला कुठून कळावं? एकोणीस वर्षं मी खालून उजेड येणाऱ्या टेबलावर माशाच्या मांसातले किडे चिमट्यानं काढले, तू मागे उभी, एक राहिला की बोटांवर फटका. डोक्यानं काही ठरवायच्या आत हात पुढे गेला. चिमटा लावला, हलक्या हातानं ओढलं, आणि तो येतच राहिला, येतच राहिला. खाली माकडहाडापाशी एकदाचा तुटला. मी वाडग्यात ठेवला. एवढा मोठा किडा जन्मात काढला नव्हता. छाती फुगली माझी. शिट्टी वाजवत पुसत होतो.

बाई कप घेऊन आल्या. वाकल्या. म्हणाल्या, "लॉकी, माळ कुठंय?"

"माळ माहीत नाही बाई, पण केवढा किडा होता! काढून टाकला." आणि वाडगा दाखवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे टक लावून बघू लागल्या.

"तोंड कोरडं पडलं?"

"ह... हो बाई."

"मानेतली वरची गाठ. डोळ्यांच्या बाहुल्या केवढ्या झाल्यात बघ, तीही तिथूनच. काळीज?"

"हातोडा मारतंय."

"मानेतल्या आणि छातीतल्या वरच्या. घाम तर मला दिसतोच आहे. पोटात गोळा आला का?"

"मोठा आला बाई."

"त्या मोठ्या रक्तवाहिनीच्या पुढ्यातल्या गाठी, जठराच्या मागे. बघ, तुझ्या सगळ्या जागेवर शाबूत आहेत," असं म्हणून त्या खुर्चीत बसल्या आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागल्या. मी म्हटलं, रडतायत, आता माझं काही खरं नाही. मग खांदे हलताना दिसले. हसत होत्या, पण ते नुसतं हसू नव्हतं; अकरा दिवस गेले होते त्यांचे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी म्हणाल्या, "डावी बाजू अजून झाकलेली आहे. मला अकरा दिवस लागले, तुझ्याकडे अडीच आहेत. ज्या हातानं घालवलंस त्याच हातानं आण." मी आधी आजोबांची माफी मागितली, चांगली मोठ्यानं, बाईंच्या देखत. मग दिवा वर ढकलून दिला. डोळ्यांवर माझा भरवसा उरला नव्हता. तू माशाच्या तुकडीतला काटा शोधायला शिकवलंस तसं, डोळे मिटून बोटाच्या टोकानं चाचपत गेलो. छातीत प्रत्येक बरगडीच्या मुळाशी काहीतरी बारीक बोटाखाली सरकायचं. तिथे थांबायचं, वरची चरबी कणाकणानं बाजूला करायची, ओढायचं म्हणून नाही. प्रत्येक गाठीला शेजारच्या मज्जातंतूशी जोडणारे केसांसारखे धागे असतात. उजवीकडे मी ते सगळे उपटले होते, डावीकडे एकेक जपला. बुधवारी संध्याकाळी माकडहाडापाशी पोचलो. दोन्हीकडच्या माळा तिथे शेवटच्या एका गाठीत मिळतात, आणि ती इवलीशी गाठ जागेवर होती. बाई म्हणाल्या, "बऱ्याचदा ती साफसफाईतच जाते." मला आजोबांचा हात हातात घ्यावासा वाटला, आणि घेतला.

परीक्षा पार पडली. चौदाव्या टेबलावर मुलं वाकून वाकून बघत होती, एक मुलगी तर घंटा झाली तरी हलेना, शेवटी मागच्यानं ढकलली. ऐंशीतल्या एकसष्ट जणांनी बरोबर लिहिलं. बाई म्हणतात, इतके कधीच आले नव्हते. (माझा किडाही वाया गेला नाही. बाईंनी तो बरणीत घालून पंधरावा प्रश्न केला: हे काय आहे, आणि कुठे असायला हवं होतं? त्यात सगळे नापास.)

पण शुक्रवारी मुदत संपली तेव्हा मी विचारलं, तर बाई नुसतं "सोमवारी बघू" म्हणाल्या. तेव्हा मावशी, मी आशेवर आहे. माणूस अकरा दिवसांचं काम दोन मिनिटांत बिघडवू शकतो, हे त्यांनी पाहिलं. अडीच दिवसांत भरून काढू शकतो, हेही पाहिलं. कुठलं जास्त लक्षात राहतं ते उद्या कळेल. तोवर तू पायऱ्यांवर राख टाक आणि माझ्यासाठी दोन शब्द देवाकडे टाक.

तुझा आज्ञाधारक (अल्बर्टा सोडून बाकी सगळ्यात),
लॉकी

ता. क. खरं म्हणजे हे पत्र एका कामासाठी लिहायला घेतलं. कायम होण्याच्या अर्जावर "आधीचे वरिष्ठ" या रकान्यात मी तुझंच नाव आणि फोन दिलाय. (मावशी आहेस हे लिहायला जागा नव्हती. म्हणजे होती.) विभागातून फोन आला तर काय हवं ते खरं सांग, फक्त मी आयुष्यात एकही किडा सोडला नाही, हे कृपा करून सांगू नकोस.

ता. क. २. सोमवार, दुपार. पाकीट बंद करणार होतो तेवढ्यात बाईंनी बोलावलं. कागद दिला. कायम झालो, मावशी! सहीवर तारीख शनिवारची होती. म्हटलं, असं कसं? तर म्हणाल्या, "शनिवारी तुझ्या मुकादमबाईंना फोन केला. किड्याचं सांगितल्यावर पाच मिनिटं नुसत्या हसत होत्या, मग म्हणाल्या, 'त्यानं माझ्या टेबलावर एकही सोडला नव्हता.'" म्हणजे तुला सगळं शनिवारीच माहीत होतं, आणि मी रविवारभर घाम गाळत तुला हेच लिहीत बसलो!

ता. क. ३. बाईंनी आणखीही एक सांगितलं. फोन ठेवायच्या आधी तू म्हणालीस म्हणे, "त्याला ठेवून घ्या. अल्बर्टा फार लांब आहे हो. पण मी असं म्हटलं हे त्याला कळू देऊ नका." बाईंच्या पोटात काही राहत नाही, त्याला मी काय करू. पण मी काही ऐकलेलं नाही, मावशी. कॉलिनला खाट दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांग. मी नाताळात बसनं येतो.