पाणकणसातला आवाज

आबा, तुमचं ते पाणकणसातलं पाखरू कोणतं, ते मला परवा कळलं.

सांगवीजवळ नीरेच्या काठाला पाणकणीस दाटलेलं असायचं. साखर कारखान्याच्या मिलवर, त्या घरघरीत, तुमचे कान गेले होते. ड्यूटी सुटली की तुम्ही मला सायकलवर पुढं बसवून तिथं न्यायचात. एका उन्हाळ्यात तुम्हाला ते दिसलं. तपकिरी, चिमणीपेक्षा जरा लांबट, दांड्याला धरून बसलेलं. गळा फुगवतंय, चोच उघडतंय, मिटतंय. बराच वेळ बघून तुम्ही माझ्याकडं वळलात. "काय म्हनतंय गं?" मी हातवारे करून सांगितलं, भांडतंय. तुम्हाला पटेना. एवढ्याशा जिवाचा आवाज गोडच असणार, असं तुम्ही धरून चालला होतात. मग मी तसाच आवाज काढला आणि तुम्ही माझ्या गळ्यावर बोटं ठेवलीत. खरखर, कटकट, पुन्हा खरखर. तुमच्या बोटांना मळीचा वास होता. "हे तर आमच्या मिलवानी वाजतंय," तुम्ही म्हणालात आणि कितीतरी वेळ हसत राहिलात.

घरी आईनं भाकरी थापता थापता सांगितलं, चिमणीच असंल. तुम्ही म्हणायचात शिंपी, मी म्हणायचे सुगरण. तुम्ही गेलात तरी तो वाद मिटला नव्हता.

आता मी बारामतीत शिकवते. आमच्या शाळेतल्या एका बाईंना पक्षी बघायचा नाद आहे. त्यांनी मला इंदापूरकडं धरणाच्या फुगवट्यावर नेलं. तिथं आलेले सगळे पाण्यातले रोहित पक्षी बघत होते आणि माझ्या पाठीमागून, कणसातून, तोच आवाज आला. हातात दुर्बीण असून मी आधी डोळे मिटून ऐकत राहिले.

मग आम्ही एकेक नाव वगळत गेलो. पाठीवर हिरवट झाक नाही, शेपूट उभी नाही, म्हणजे शिंपी नव्हे. चोच जाड नाही, पाठीवर रेघा नाहीत, म्हणजे सुगरणही नव्हे. लांब बारीक चोच, डोळ्यावर फिकट भुवई, आणि चोच उघडली की आत नारिंगी. बाई म्हणाल्या, बोरूत राहणारा वटवट्या. थंडीत त्याचा एक भाऊबंद बाहेरून येतो, तो लहान असतो, म्हणून त्यांनी मला आकार पुन्हा नीट बघायला लावला. मोठाच होता. मी विचारलं, हा भांडतोय का? त्या म्हणाल्या, नर आहे, दुसऱ्या नराला हाकलतोय आणि मादीला बोलावतोय, दोन्ही एकाच गाण्यात. म्हणजे आबा, मी बरोबर होते, आणि तुम्हीही फार चुकला नव्हतात.

हे पत्र कुठल्या टपालपेटीत टाकायचं नाही, ठाऊक आहे. तरी लिहिलं. येताना गाडीत बाईंनी विचारलं, पक्ष्यांची आवड कधीपासूनची. लहानपणापासूनची, असं मी सांगून टाकलं. ते खरं नाही, आबा. मला पाखरांचं कधीच फारसं काही नव्हतं. तुम्ही विचारणार, म्हणून मी कान देऊन ऐकायचे.