पिवळी रेघ

१२ नोव्हेंबर, बुधवार

पोचले एकदाची उमापूरला! नाशिकहून निघताना आई कुरकुरत होती, बीडकडे तुझं कोण आहे म्हणून. आता फोन करून सांगते, इथे माझं जेवण आहे. आल्या आल्या बाजरीची गरम भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि वाटीभर दही. नको म्हणायची सोयच नाही, भिवराबाई सरळ ताटात टाकतात.

गेवराईच्या स्टँडवर बजरंगभाऊ स्वतः जीप घेऊन आले होते. गावात त्यांचा शब्द चालतो हे रस्त्यावरच कळलं, निम्मी माणसं हात वर करत होती. तरी माझी बॅग त्यांनीच उचलली. घर गावाबाहेर, शेतात. शेतातल्या घराला इथे आखाडा म्हणतात. मी आपली कुस्तीच्या तयारीत, तर निघाला चांगला फरशीचा बंगला. बजरंगभाऊंची बायको आणि मुलं शाळेपायी बीडला असतात. इथे ते, त्यांची आई वच्छलाबाई आणि स्वयंपाकाच्या भिवराबाई. आता त्यात मी, म्हणजे स्वप्नाली सिस्टर.

वच्छलाबाई माझ्या पेशंट. जन्म चुलीपुढे गेला आणि धुराने फुप्फुसं कामातून गेली. दुपारी आणि रात्री तोंडावर मास्क लावून व्हेंटिलेटरवर ठेवायचं. मशीन पोराच्या दप्तराएवढं, लाइट गेली तरी बॅटरीवर चालणारं. दवाखान्यातल्या त्या धुडांपुढे खेळणंच, पण कामाला वाघ. आज मास्कवर चालतं, उद्या गळ्यात नळी बसवली तरी तेच चालतं. बाई त्याला डबा म्हणतात. मला पहिलाच प्रश्न, "लगीन कावून न्हाई केलं गं अजून?" मी म्हटलं, तुमच्यासारखी सासू मिळेना. बाई मास्कच्या आत खदखदून हसल्या, कडेने हवा सुटली आणि डबा केकाटला. आमचं जमणार.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दिवाळी झाली आणि निम्मं गाव कोयते घेऊन कारखान्यांकडे गेलं. भिवराबाईंची दोन्ही मुलं आणि सुनाही गेल्या. वस्तीवर कुलपं आणि म्हातारी माणसं. दुपारी इतकं शांत होतं की मशीनचा आवाज अंगणापर्यंत ऐकू येतो.

बजरंगभाऊंना आज मशीनचा पडदा समजावून सांगितला. प्रत्येक श्वासाची एक रेघ उमटते. मशीनने आपणहून दिलेला श्वास हिरवा. माणसाने आधी ओढला आणि मशीनने नुसता हात दिला तर पिवळा. पिवळं जास्त दिसलं की समजायचं, माणूस स्वतः कष्ट करतोय. ते लहान मुलासारखे बघत बसले. आईवर फार जीव आहे या माणसाचा. जिल्ह्याच्या बैठका सोडून येतो आणि पायांना तेल लावतो.

दुपारी बाईंना मोरीत नेलं तेव्हा मशीन बंद करायचं राहिलं. मास्क उशीवर पडला होता. परत आले तर गळतीचा अलार्म वाजत होता आणि पडद्यावर एक पिवळी रेघ. पंखा बंद, खिडकी बंद. गळती असली की मशीन फसतं, हवेच्या झुळकेलाही श्वास समजतं, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. मी डब्याला म्हटलं, शहाणा आहेस. बंद केला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

फसतंय खरं, पण जरा जास्तच. बाईंचा श्वास भरभर आणि वरवरचा, चिमणीएवढा. मधूनच पडद्यावर वेगळ्याच रेघा येतात. पिवळ्या, लांबरुंद, सावकाश. भरल्या अंगाचा पुरुष जेवून आडवा झाला की श्वास घेईल तशा. बाई तेव्हा जाग्या असतात. मी हात छातीवर ठेवून पाहिला. रेघ चढली तेव्हा छाती स्थिर होती.

नळीत पाणी साचलं तरी असं होतं. नळी झटकली, मग बदलली. फिल्टर बदलला, मास्क बदलला, बॅगेतला कोरा काढला. कंपनीच्या माणसाला फोन लावला. त्याने पडद्याचे फोटो मागवले आणि मशीन उत्तम आहे म्हणाला.

बाईंनी कोरा मास्क काढून टाकला. आत तंबाखूचा वास येतो म्हणाल्या. मी नाक लावलं. येत होता. या घरात तंबाखू कोणी खात नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज भिवराबाईंना गाठलं. शेंगा फोडता फोडता त्यांनी सगळं सांगितलं, मी विचारायचीच वाट बघत होत्या.

हे मशीन बाईंसाठी घेतलेलं नाही. बजरंगभाऊंचे वडील राधाकिशन, त्यांच्यासाठी आणलं होतं. पलंगही त्यांचाच. माणूस अंगाने भरलेला, तोंडात सदा तंबाखू. आधी मास्क, मग गळ्यात नळी. इकडे माणूस जायला लागला की त्याला पलंगावरून खाली घेतात. आमच्याकडेही घेतात, आजोबांच्या वेळी मी पाहिलंय. जमिनीवर घोंगडी, तोंडात तुळशीचं पाणी. जमिनीला पाठ लागली की जीव सुटा होतो. पण राधाकिशन गेले कधी तेच कळेना. नाडी लागत नव्हती आणि छाती तर वरखाली होत होती. भावकी म्हणाली, खाली घ्या. बजरंगभाऊ म्हणाले, दम चालू हाय की, जित्या बापाला खाली कसं घेऊ? तो दिवस गेला, रात्र गेली. दुसऱ्या दिवशी अंगाला वास सुटला तेव्हा कुठे मशीन बंद केलं. भिवराबाई म्हणाल्या, "खाली घेतलं ते मढं. मालक वरच ऱ्हायले."

मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवत नाही. तरी अंगावर काटा आला तो आला.

दुपारी मास्क लावायला गेले तर बाईंनी माझं मनगट धरलं. म्हणाल्या, "पोरी, मला वर ठिवू न्हको. जीव असतानाच खाली घे. बजरंग घेणार न्हाई, तू घे." मी हसण्यावारी न्यायला बघितलं. त्या हसल्या नाहीत. पलंगावर जागा नाही म्हणाल्या, तिथं ते आहेत. शेवटी मी त्यांच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. दिल्यावर मलाच बरं वाटलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

दवाखान्यातून लिहितेय. बाईंना न्यूमोनिया झाला. मास्क पुरेना, कफ निघेना. डॉक्टरांनी गळ्याला छिद्र पाडून नळी बसवायची म्हणून सांगितलं. मी बाईंच्या मनातलं बजरंगभाऊंच्या कानावर घातलं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मीच अपराधी. सही केली. घरी सांभाळायला सिस्टर आहे, मशीन आहे, असं मात्र डॉक्टरांना तीनतीनदा सांगत राहिले. मला त्यांची कीव आली.

५ डिसेंबर, शुक्रवार

परत आलो. तोच पलंग, तोच डबा. आता मास्क नाही, मशीनची नळी थेट गळ्यात. या नळीने वाचा जाते. बाई ओठ हलवतात, आवाज नाही.

पडद्यावर एकही हिरवी रेघ नाही. सगळ्या पिवळ्या. लांब, सावकाश. बाईंची छाती आता त्या रेघेच्या तालावर चालते. आधी तो मास्कपुरता होता. तो म्हणजे कोण, हे मी काय लिहितेय? पण होता. आता नळी आत गेलीय आणि मला बाईंचा चिमणीएवढा श्वास कुठे सापडत नाही.

बजरंगभाऊ आनंदात आहेत. "ताई, समदं पिवळं! आई सोताच्या दमानं घ्याया लागली." हे त्यांना मीच शिकवलं.

बाई बोट खाली करून जमीन दाखवतात. बजरंगभाऊंना वाटतं थुंकायचंय. ते धावत पातेलं आणतात. बाईंच्या डोळ्यांतून पाणी येतं. मग ते पाणीही पुसतात.

७ डिसेंबर, रविवार

आज स्पष्ट बोलले. लघवी थांबत आलीय, पाय गार पडतायत, आता यातून परत येणं नाही. त्यांच्या शेवटच्या इच्छेसाठी खाली घेऊ. बजरंगभाऊ आधी चिडले. मग भिंतीला टेकून खाली बसले आणि हुंदके देऊन रडले. म्हणाले, मशीन चालू हाय तवर आई हाय. तुमच्या आईला तुमी सोडलं असतं का, असं मला विचारलं.

मला इथे पाठवणाऱ्या नर्सिंग संस्थेला फोन केला, मला बदली द्या म्हटलं. पुढच्या आठवड्यात बघू म्हणाले. मग बाईंचं बोट पुन्हा खाली गेलं आणि माझी मलाच लाज वाटली. शब्द दिलाय. राहते.

खोलीत तंबाखूचा वास आहे. माझ्या ओढणीलाही.

९ डिसेंबर, मंगळवार

मला भीती वाटते. साधी, सरळ भीती.

बाईंच्या शेजारी बसलं की माझाही श्वास सावकाश होतो. रेघ चढली की माझी छाती चढते. मुद्दाम अडवून पाहिला. अडला नाही.

भिवराबाई उंबऱ्याच्या आत येत नाहीत. ताट बाहेर ठेवतात.

जेवले नाही.

१० डिसेंबर, बुधवार

सकाळपासून नाडी दोऱ्यासारखी. डॉक्टर फोनवर म्हणाले, फार तर दुपारपर्यंत. बजरंगभाऊ त्यांना आणायला गेवराईला गेले. थांबा म्हटलं. थांबले नाहीत.

आता नाही तर कधीच नाही.

भिवराबाईंना हात जोडले. आल्या. रडत आल्या, पण आल्या. चादरीला दोघींनी धरून बाईंना उचललं. मशीनची नळी जमिनीपर्यंत पुरेना. मी ती गळ्यापासून सोडवली आणि हाताने दाबायच्या रबरी पिशवीने श्वास देत देत खाली घेतलं. घोंगडीवर पाठ लागली. तुळशीचं पाणी ओठांना लावलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं. पिशवीवरचा माझा हात त्यांनी बाजूला केला, स्वतःच्या हाताने. मग एक लहानसा श्वास घेतला. त्यांचा. तो मी ओळखला.

गेल्या. चेहरा इतका मोकळा मी कधी पाहिला नव्हता. मी खूप रडले. पण शब्द पाळला.

भिवराबाई भावकीला सांगायला वस्तीवर पळाल्या. जमिनीवर बाई. मी पलंगाच्या कडेला टेकले.

मशीन चालूच आहे.

त्याच दिवशी

नळी पलंगावर मोकळी पडलीय. कोणाला जोडलेली नाही. गळतीचा अलार्म वाजायला हवा. वाजत नाही. पडद्यावर पिवळं —

बटण दाबलं. वायर काढली. बॅटरी काढून फरशीवर ठेवली, दिसतेय मला. पडदा काळा झाला. श्वासाचा आवाज चालूच —

आवाज माझा आहे.

बाई सुटल्या. ते नाही सुटले. त्यांना कोणी खाली घेतलंच नाही, आणि मी त्यांच्या जागेवर —

उठता येत नाही. पाय खाली सोडते, ते वर येतात. पाठ गादीला लागली. वही छातीवर ठेवून लिहितेय, ती सावकाश वर जाते, सावकाश खाली —

जीपचा आवाज. देवा —

डॉक्टर नाहीत, एकटेच. आईला बघितलं. पायांवर डोकं ठेवून रडले. रागावले नाहीत. मग माझ्याकडे वळले. ताई, तुमचे ओठ निळे पडलेत, तुमाला लई दम लागलाय —

आवाज फुटत नाही. वहीत मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं, खाली घ्या. वाचून म्हणाले, व्हय ताई, आईला खाली घेतलं, लई चांगलं केलं. मी येडा, मी न्हाई घेतलं —

नाही, मला —

तुमी पडूनच ऱ्हावा म्हणतात. डोक्याखाली उशी सारली. फार चांगला माणूस आहे. बॅटरी बसवली. बाईंचा मास्क कपाटातून काढला, पुसतायत —

पडदा सुरू झाला. त्यांचा चेहरा उजळला. समदं पिवळं म्हणतात, घाबरू नका, मी हाय, मशीन बंद पडू देणार न्हाई, कायबी झालं तरी —

पट्टा मानेमागून. एकदाच, मास्कच्या आधी, मला जमिनीव