आधी पाणी, मग पान

आई, तुझ्या माहेरचा वहाळ यंदा पुन्हा अडलाय. धरणाचा कालवा आला तेव्हा सगळे म्हणाले, आता त्या वहाळाला कोण विचारतो. गेल्या पावसाळ्यात कालवा फुटला, दुरुस्तीचं घोंगडं भिजत पडलं, आणि वरच्या गावाने पूर्वीसारखा मातीचा बांध घातला. खाली आपल्या वायंगणाला, हिवाळ्यातल्या पिकाला, पाणी नाही. आपलं शेत आता शेजारीण करते. तिचे अळसांद्यांचे वेल फुलावर आलेत आणि दुपारी माना टाकतात. वास्कोची नोकरी संपवून मी या घरात राहायला आले, तेव्हापासून माझ्याशी रोज बोलणारं माणूस म्हणजे तीच, त्यामुळे तिचं शेत माझ्याही जिवाला लागतं. काल ती गावातल्या दोघांना घेऊन आली. म्हणाली, वरच्या गावची लेक आता आपल्या गावात एकही उरली नाही. तुम्ही निदान त्या गावच्या भाची, तेव्हा पाणी मागायला तुम्हीच जा.

तुला हे सांगायला नको, पण मलाच एकदा नीट आठवू दे. पेडण्याच्या या टोकाला आपलं गाव गोव्यात, वरचं गोव्याबाहेर, मध्ये एक सरहद्द, आणि ती ओलांडून येणारा हा एकच वहाळ. दिवाळी सरली की वरचे लोक दगड, माती, झावळ्या टाकून तो अडवायचे आणि खालच्यांनी पाणी मागायला जायचं. पुरुषांनी जायचं नाही. गेले तर भांडण ठरलेलं. वरच्या गावची जी लेक इथे दिलेली असेल तिने नारळ घेऊन उपाशीपोटी भावाच्या दारात जायचं. भाऊ म्हणणार, जेवायला बस. बहीण म्हणणार, आधी पाणी, मग पान. मग भाऊ खोरं घेऊन बांधाला तोंड पाडणार, चिखलाच्या पायांनी परत येणार, आणि दोघं शेजारीशेजारी जेवणार. त्यानंतर उन्हाळ्यापर्यंत दिवसाचं पाणी वरच्यांचं, रात्रीचं खालच्यांचं. बाकी काही बोलणी लागत नसत.

पोर्तुगीज असताना ती सरहद्द दोन देशांची होती. नाकाबंदी झाली आणि तुला माहेरी जाता येईना; वाटेत पाकल्यांची, त्या गोऱ्या शिपायांची, चौकी. तेव्हा त्या दिवशी तू इथेच मागच्या पडवीत उपाशी बसायचीस. शेताच्या पाटात पाणी आलं की उठून पान वाढून घ्यायचीस, कारण पाणी आलं म्हणजे तिकडे मामाही जेवायला बसला असणार. दोन्हीकडे बंदुका होत्या, पण मामा एकदाही चुकला नाही. हे तू इतक्यांदा सांगितलंस की मी चिडवायचे, तुझ्या भावाला भारताने बोलणी करायला वकील करून पाठवायला हवं होतं. तू हसायचीस.

पाणी अडलं ते सगळा एकच देश झाल्यावर. गोवा राज्य झालं त्या वर्षी मी रजेवर आले होते. पेडण्याच्या बाजारात तेव्हा कोंकणी की मराठी यावरून ओळखीची माणसं तोंड फिरवून जात होती, आणि वर मामाच्या मुलांनी केळी लावून वहाळावर पंप बसवला होता. तू पुढे चालतेस, मी नारळ घेऊन मागे. मामा जोत्यावर बसलेला आहे. तो जेवायला बस म्हणत नाही. नारळाकडे बघतो आणि म्हणतो, "बाय, आता तुमचां राज्य येगळां. पाणी व्हयां तर तुमच्या सरकाराक सांग, आमच्या सरकाराक इचारूक." मागे त्याची मुलं हसतात. तू पायरीखालीच उभी आहेस.

"सरकार माजो भाव न्हय," तू म्हणालीस. "मी माज्या भावाकडे इलंय."

 मामा उठला, खोरं घेतलं आणि गेला. थोड्या वेळाने पंप बंद केल्याचं ऐकू आलं. मामीने दोन पानं मांडली, भात वाढला. मामा आलाच नाही. मामी विनवत होती, तू म्हणत होतीस, तो येऊ दे. भात निवला, उन्हं कलली, मग भरलं पान तसंच ठेवून तू उठलीस. आपण वहाळाच्या कडेने उतरत होतो आणि पाणी आपल्या सोबतीने खाली येत होतं. तू त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस.

त्या वर्षी वायंगण छान पिकलं. लोक तुझं नाव घेत होते. पुढच्या वर्षी तू वरच्या गावाहून आलेल्या दुसऱ्या कोणाच्या सुनेला पाठवलंस, आणि मामा वारला तेव्हाही त्याच्या अंगणातूनच परत फिरलीस. पाणी सगळ्या गावाला मिळालं आणि माहेर मात्र तुझं एकटीचं गेलं. मला तुझा रागच यायचा. म्हातारा माणूस, मुलं डोक्यावर बसलेली, तरी त्याने पाणी सोडलंच होतं ना. चार घास खाल्ले असतेस तर काय बिघडलं असतं? तेव्हा मला वाटायचं, हा सगळा अभिमान. तो अभिमान नव्हता हे मला फार उशिरा कळलं. त्याच्याशेजारी बसून जेवायला मिळावं म्हणूनच तू दर वर्षी जात होतीस.

त्या घरात आता मामाचा धाकटा मुलगा एकटा असतो. तेव्हा हसणाऱ्यांतला तोही एक. मी शेजारणीला अजून हो म्हटलेलं नाही, पण नारळ सोलून ठेवलाय. हे लिहिलेलं कुठे धाडणार? घडी करून देवळीत ठेवीन. तिला नाही सांगणार, तुला सांगते. अळसांदे जगावेत असं मला मनापासून वाटतं. पण या घरात मीच पान वाढते, मीच उचलते, आणि तू गेल्यापासून मला कोणी जेवायला बस म्हटलेलं नाही. तो तेवढं म्हणाला, तर पाणी नाही दिलं तरी मी बसेन, आई.